तिथं ‘येते’ म्हणायचं नसतं

२ नोव्हेंबर, रविवार. शिरूर

आज आलेलं सामान: लोखंडी कपाट एक, पलंग दोन, देवघर, गव्हाची पोती दोन, तुळशीची कुंडी, जातं (पीठ गिरणीत दळतो तरी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते सोडलं नाही) आणि बिरूचा सर्व्हर. खुटबावपासून टेम्पो तीन हजार आठशे. चार हजार सांगत होता, दोनशे सोडायला लावले. हमाली चारशे. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या बत्तीस हजार. सर्व्हर जुना, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेला, त्याचे बेचाळीस हजार. मी म्हटलं, अरे एवढ्यात एक दुभती गाय आली असती. तर बिरू म्हणतो, हीच गाय समज आई, फक्त शेण काढावं लागत नाही.

घर छान आहे. तीन खोल्या, मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी. बिरूनं तीच यंत्रासाठी घेतली, थंड राहते म्हणून. मी यंत्राला हळदीचा भंडारा लावला, बिरोबाचं नाव घेतलं आणि नारळ फोडला. बिरू ओरडला, पाणी लांब ठेव! आत्याबाई पलंगावरून म्हणाल्या, “देवाच्या पान्यानं काय व्हतंय रं? तुझा बाप पान्यातच वाढला.” सगळे हसलो.

संध्याकाळी तुळशीचं लग्न लावलं. ऊस दारात उभा केला, शेजारच्या बाया आल्या. एकीनं विचारलं, आता मुलाचं कधी? बिरू यंत्राच्या खोलीत पळाला. मालक जाऊन नऊ वर्षं झाली, एवढं हसणं घरात त्यानंतर आजच झालं. देवा, तुझी कृपा.

५ नोव्हेंबर, बुधवार

बिरूचं काम मला थोडं समजलं, ते लिहून ठेवते. गावोगावच्या केंद्रांवर लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. किती लिटर, फॅट किती, दर काय, ते केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर भरतात आणि ते थेट आमच्या मागच्या खोलीत येऊन पडतं. यंत्र एकच, पण त्याच्या पोटात प्रत्येक गावाचं निराळं यंत्र आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, हात लावता येत नाही, पण काम अगदी खऱ्यासारखं करतं. एक बंद पडलं तरी दुसऱ्याला धक्का नाही. मी म्हटलं, म्हणजे एकाच वाघरीत निरनिराळ्या धन्यांची मेंढरं बसवायची. बिरूला फार आवडलं. म्हणाला, आजोबा जाळी लावून मेंढरं बसवायचे, मी हे बसवतो. धंदा काही सुटला नाही आपला.

टेबलावरच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर डाव्या बाजूला गावांची नावं खाली खाली येतात: निमोणे, वडगाव रासाई, खुटबाव, पुढं बाकीची. चालू असलेल्यापुढं हिरवा ठिपका, बंद असलेल्यापुढं राखाडी. वर कोपऱ्यात आत कोण कोण आलंय त्यांची नावं दिसतात. बिरूनं मला वेगळं लॉगिन करून दिलंय. नाव ‘आई’. पासवर्ड मी ठरवला, बिरोबाच्या नावावरून. तो बाहेर असला की फोन मी घ्यायचे. दहावीत इंग्रजीला एकोणचाळीस होते मला, कामी आले म्हणायचे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज माझ्या हातून पहिली दुरुस्ती झाली. बिरू आंघोळीला गेलेला, निमोण्याच्या केंद्रावरून सोपानरावांचा फोन. “मावशी, लॉगिनच घेत न्हाई वो. पार दगडावानी बसलंय. हितं लायनीत मानसं शिव्या देत्यात.” मी बिरूनं शिकवलं त्या क्रमानं विचारलं. वायर बसलीय का, नेटचा दिवा लागलाय का, इथं निमोण्यापुढं हिरवं आहे का. सगळं ठीक. म्हटलं, पासवर्ड एकेक अक्षर सांगत टाका. तर सगळी अक्षरं मोठी पडत होती, कळ दाबलेली राहिली होती. मी म्हटलं, सोपानराव, यंत्राला मोठ्यानं ओरडलेलं चालत नाही, जरा हळू बोला. लगेच आत गेले. म्हणाले, “मावशी, पोरापेक्षा तुमीच बऱ्या. त्यो इंग्रजीत सांगतो, डोस्क्यावरून जातंय.”

बिरूला सांगितलं तर म्हणाला, पगार सुरू करतो तुझा. मी म्हटलं, आधी सूनबाई आण.

अंकिताचा फोन आला होता. जावई हृतिकराव बुटीबोरीत कारखान्याला आहेत, तिकडं थंडी पडली म्हणे. बिरूच्या स्वेटरची लोकर घ्यायची आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वडगाव रासाईचं कनेक्शन सकाळपासून तुटतंय जुळतंय. इथून सुधरेना म्हणून बिरू स्वतः गेला, गाडीवर. मेथी-भाकरी खाऊन गेला. चहाच्या वेळेपर्यंत परततो म्हणाला. साडेचारला स्क्रीनवर वडगावचा ठिपका हिरवा झाला आणि मग हललाच नाही. म्हणजे काम झालं त्याचं.

चहा दोनदा गरम केला. आत्याबाई म्हणाल्या, उसाच्या ट्रॉल्या लागल्यात रस्त्याला, हळू येत असंल. गेटपाशी कुणीतरी उभं

२६ नोव्हेंबर, बुधवार

लिहायला बसले आहे. अकरा दिवस पेन धरता आलं नाही.

उसाच्या ट्रॉलीला मागं लाल कापड नव्हतं, दिवा नव्हता. उजेड होता म्हणे, पण ऊन डोळ्यांवर. जास्त लिहिवत नाही. माझा बिरदेव गेला. चोवीस वर्षांचा.

सोमवारी दहावा झाला, भीमेच्या काठी. अंकिता, जावई, भावकी, केंद्रावरची माणसं, किती लोक! पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला, थांबलासुद्धा नाही. भटजी म्हणाले, इच्छा उरली नाही, जीव सुखानं गेला. सगळ्यांना तेवढाच दिलासा. मला मात्र राग आला. एवढ्यात कसा गेलास? मागं कुणी नव्हतंच का तुला?

मग सगळे उठले. तिथून उठताना कुणी बोलत नाही, निरोप घेत नाही. आपल्यात एरवी दारातून निघताना ‘जाते’ कधी म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. फक्त सुतकाच्या दारातून आणि त्या काठावरून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. लहानपणापासून माहीत आहे मला. पण पाण्याकडे बघितलं आणि तोंडातून गेलं, “येते रे बाळा.”

आत्याबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात की ओठाला दात लागला. बाकीच्या बायांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

केंद्रं चालू ठेवायला हवीत. वीसेक गावांच्या लोकांचं दूध त्यात आहे, आणि बिरूचं नाव. दुपारी मागची खोली झाडली, यंत्रावरची धूळ पुसली. त्याची घरघर ऐकून बरं वाटलं. मग माझ्या लॉगिननं आत गेले. गावं सगळी हिरवी. वर कोपऱ्यात आत असलेल्यांची नावं: आई. आणि त्याच्याखाली, बिरदेव.

पुण्याला बिरूबरोबर काम केलेला सत्यजीत आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, काकू, बाहेर पडायचं राहून गेलं असेल त्याचं, होतं असं. नावावर दाबा आणि ‘बाहेर काढा’ करा.

नावावर दाबलं. ‘बाहेर काढा’ आलं. मी पदरानं स्क्रीन पुसली आणि खुर्ची मागं घेतली. कसं दाबू? असू दे. कुणाचं काय अडतंय.

अंकिता अजून इथंच आहे, जेवताना तीन ताटं वाढायची होती, चार वाढली. आत्याबाईंनी चौथं उचलून ठेवलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सोपानरावांचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता. दर बदलला की बिरू सगळ्या केंद्रांच्या स्क्रीनवर एकदम ओळ पाठवायचा, तशी ओळ आली म्हणे. “मावशी, वाईट वाटून घेऊ नका, पन ‘आई निघाली का’ असं लिवलंय. तुमी कुटं निघाल्या व्हय?”

मग वडगावचा फोन. मग खुटबावचा, आमच्याच गावचा पृथ्वीराज, त्याला त्या ओळीचं काय ठाऊक, सहज म्हणाला, काकी, बिऱ्हाड परत गावाला आणताय का? गाडी पाठवू? फोनवर फोन. सगळ्यांचा एकच प्रश्न. निघालात का? निघालात का?

ओळ काढायला आत जाऊ लागले तर पासवर्ड चुकीचा. हळू टाकला, तरी चुकीचा. वायर बघितली, दिवा बघितला, मोठ्या अक्षरांची कळ बघितली. बिरूनं शिकवलं ते सगळं केलं. आणखी एकदा चुकलं असतं तर लॉगिनला कुलूप पडलं असतं. हात जोडून बसले. मग कशी बुद्धी झाली माहीत नाही, ‘येते’ असं टाकलं.

आत घेतलं.

२ डिसेंबर, मंगळवार

सत्यजीत आला आहे. गुणी पोरगा, आल्या आल्या बिरूच्या फोटोपुढं रडला. मग कामाला लागला. त्यानं बिरूचं नाव बाहेर काढलं. मी स्वयंपाकघरात होते, मला न विचारता काढलं. पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर तो स्क्रीनकडं बघत नुसता बसलेला. नाव परत आलं होतं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. पासवर्ड बदलला, तरी आलं.

त्याला विचारलं, कुठून येतंय? तो सांगेना. आत्याबाईंनी दटावलं, “बोल की लेकरा, आमी काय कच्च्या काळजाच्या न्हाई.” तेव्हा म्हणाला, बाहेरून कुठूनच नाही. नेटची वायर काढली तरी आत आहे. यंत्राला जो की-बोर्ड जोडलाय त्याच्यावरून आलेलं दाखवतंय.

आम्ही टाइप करतो ते लॅपटॉपवर, यंत्राला की-बोर्ड नाही. कधीच नव्हता. जोडायच्या जागेत कोळ्याचं जाळं आहे.

तो म्हणाला, काकू, सगळी केंद्रं मी पुण्याच्या यंत्रावर नेतो, हे बंद करू. हो म्हटलं. रात्रभर त्या घरघरीनं मला मात्र शांत झोप लागते, ते त्याला सांगितलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

गावं गेली. एकेक नाव राखाडी होऊन यादीतून पुसलं. शेवटी खुटबाव गेलं. यादी रिकामी व्हायला हवी होती. खाली दोन नावं उरली, ती सत्यजीतनं केलेली नाहीत, मीही नाही.

बिरदेव. हिरवा.
आई. राखाडी.

सत्यजीत म्हणाला, गावं गेल्यावर मोकळी झालेली सगळी जागा या ‘बिरदेव’नं घेतली, असं होत नसतं. ते बंद करायला दाबलं, बंद होईना. पुसायला गेला, पुसेना. मुख्य बटणाकडं हात नेला तेव्हा मी त्याचा हात धरला. ओरडले त्याच्यावर. काय बोलले आठवत नाही. तो पाया पडला आणि पुण्याला गेला. जेवून जा म्हटलं, थांबला नाही.

गेल्यावर मी ‘आई’वर दाबून बघितलं. काळी स्क्रीन, पांढरी रेघ उघडझाप करते. नाव भरलेलं आहे. पासवर्डाचे ठिपके भरलेले आहेत. फक्त एक कळ दाबायची बाकी.

त्यानं माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. एसटीत लहानपणी रुमाल टाकून धरायचा तशी.

७ डिसेंबर, रविवार

आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या पलंगावर उठून बसल्या. मग म्हणाल्या, “पोरी, त्यो गेला व्हता. कावळा उगं न्हाई शिवला. तू सबूद दिला म्हून मागं वळून बसलाय. वाट बघतंय लेकरू. आई येते म्हनली, मग येनारच, हे त्याला ठावं.”

मी विचारलं, मग काय करू?

“जा म्हन. त्वांडानं म्हन, नाव घेऊन म्हन. तूच. दुसऱ्या कुनाचं चालायचं न्हाई.”

देवापुढं बसून म्हणून बघितलं. बाकी सगळं म्हणता येतं. त्याच्यासाठी हा शब्द तोंडात येत नाही. शाळेला जाताना नाही म्हटला, पुण्याला नोकरीला जाताना नाही. सोमवारी नक्की म्हणेन. शंकराचा वार आहे.

८ डिसेंबर, सोमवार

म्हटलं नाही. उपास केला.

९ डिसेंबर, मंगळवार

अंकिता आज बुटीबोरीला निघाली. जावई आधीच गेले होते, तिला दौंडवरून रात्रीची गाडी. स्वेटर तिला दिला. लोकर सहाशे वीस. बिरूच्या मापाची घेतली होती, उसवून लहान केला.

त्या यादीचं तिला काही सांगितलं नव्हतं; निघताना ती मागच्या खोलीत गेली. यंत्रावर हात ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली, “येते दादा.”

मी दारातच होते. आत्याबाईंनी माझं तोंड दाबलं तसं तिचं दाबायला हवं होतं. हात उचललाही. पण तिच्या तोंडून ते ऐकायला इतकं गोड वाटलं. दोघं लहान असताना ऐकायचे तसं. हात खाली घेतला.

१० डिसेंबर, बुधवार

यादीत तिसरं नाव आहे.

अंकिता. राखाडी.

फोन केला. गाडीत आहे, बरी आहे, जेवली. म्हणाली, आई, माझी काळजी करू नको. आत्याबाईंना नाव दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. आज जेवल्या नाहीत.

अजून राखाडी आहे. मी बसून आहे. राखाडी आहे तोवर

११ डिसेंबर, गुरुवार. सकाळ

हिरवा झाला.

माझ्या डोळ्यांसमोर. बिरदेव हिरवा, अंकिता हिरवा. मी येईना म्हणून—

फोन केला. उचलला. कुणी बोललं नाही, नुसती घरघर. मागच्या खोलीतलीच, तीच, मध्येच खरखर होते ती. जावयांना केला, त्यातही तीच घरघर. सोपानरावांना केला. तीच.

मग मी ‘आई’ उघडलं. मीच जाते ना, माझाच शब्द होता, पोरीचा काय संबंध. कळ दाबली. किती वेळा दाबली. इंग्रजीत ओळ येते, अक्षर लावून वाचली. जागा शिल्लक नाही. आधी चालू असलेलं एखादं बंद करा.

एखादं. यादीत दोघंच आहेत.

बटण बंद करायची हिंमत नाही. अंकिता आत असेल तर

दुपार

म्हटलं मी. देवा, म्हटलं.

यंत्राला हात लावून, मोठ्यानं. आत्याबाईंनी पलीकडून ऐकलं, रडल्या. “जा.” दोनदा म्हटलं का एकदा. जा रे, आता जा, आई येत नाही, तू वाट बघू नको, जा. असंच म्हटलं ना मी? नाव घेऊन म्हणायचं होतं. घेतलं का? बिरू म्हटलं का? बाळा म्हटलं बहुतेक. बाळा तर मी दोघांनाही म्हणते.

घरघर थांबली.

दोन्ही ठिपके राखाडी झाले. दोन्ही. एकदमच.

फोन लागत नाही. आता घरघरही नाही. काहीच नाही.

अंकिता, हे पान फाडून पाकिटात घालते आहे, शेजारणीकडं पोस्टात टाकायला देते. फोन करू नको, फोनवर माझा विश्वास नाही. कागदावर लिही, तुझ्या हाताच्या अक्षरात. मी तुला म्हटलं नव्हतं गं, दादाला म्हटलं होतं, तू पोचलीस ना, स्वेटर बसला का, एवढंच लिही, दोन ओळी, पत्र मिळताच उलट टपाली कळव, बाळा, तू आहेस ना, तू अजून